न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग



न्यायमूर्ति तेलंग यांचें नांव आपल्या घराघरांतून आदरानें घेतलें जातें. परंतु न्यायासनावर बसून त्यांनीं काय लिहिलें, हें सांगणारे थोडे. आम्ही कांहीं कायदेपंडित नव्हे. आमचें आयुष्य फळा आणि खडू यांत गेलें. तरीहि तोच भाग आज आपणांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

काशिनाथपंतांचा जन्म १८५० सालचा. ते चुलत्यांना दत्तक गेले होते. एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून १८७२ मध्यें त्यांनीं मुंबई हायकोर्टांत वकिलीस आरंभ केला. रामायण हें होमरवरून घेतलें, या वेबर पंडिताच्या मताचें खंडन त्यांनीं १८७३ त केलें. १८८२ त त्यांचें भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. १८८५ च्या पहिल्या काँग्रेसच्या उभारणींतहि ते होते. १८८९ त, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

मिताक्षरा आणि मयूख हे ग्रंथ इंग्रज न्यायाधीश भाषांतरावरून वाचीत. तेलंग मुळांतून वाचीत. याचा प्रत्यय आपाजी नरहर विरुद्ध रामचंद्र या खटल्यांत येतो. बाप आपल्या वडिलांशीं अथवा भावांशीं एकत्र राहत आहे. त्याची वांटणीस संमति नाहीं. अशा वेळीं मुलास वांटणी मागतां येईल काय? आपणांपैकीं अनेकांच्या घरीं हा प्रश्न ओसरीवर येऊन गेलाच असेल! बहुमताचा निर्णय पडला, येत नाहीं. तेलंगांनीं एकट्यानें भिन्न मत लिहिलें. वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. मग तो बजावण्यास बापाच्या मर्जीची वाट कां पाहावी, असा त्यांचा रोख होता. मुंबई इलाख्यांत बहुमताचाच नियम चालला; अलाहाबाद व मद्रास येथील हायकोर्टांनीं मात्र मुलाच्या बाजूनें कौल दिला.

वडीलधाऱ्यांच्या संमतीवांचून मुलाचा हक्क मानणाऱ्या याच पुरुषानें, संमतिवयाच्या कायद्यास पाठिंबा दिल्यावर, स्वतःच्या अल्पवयी कन्येचा विवाह करून दिला. सुधारकांनीं त्यांस फार दोष दिला, आणि तो अकारण होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. सुधारणा कमींत कमी विरोधाच्या वाटेनें न्यावी, हें त्यांचें मत १८८६ च्या व्याख्यानांतलें; पण ही वाट त्या मुलीस कोठें घेऊन गेली, हें कोणी विचारलें नाहीं. ज्ञातीचा पुरुष म्हणून ही गोष्ट झांकणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मुलांना इतिहास शिकवितांना आम्हीं ती कधीं गाळली नाहीं.

१८९२ त ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले. १ सप्टेंबर १८९३ रोजीं, त्रेचाळीस वर्षे नुकतींच पुरीं होतांच, त्यांचें निधन झालें. त्यांच्या रिकाम्या जागीं न्यायमूर्ति रानडे यांची नेमणूक झाली. मराठ्यांच्या बखरींवरील तेलंगांचा निबंध रानड्यांनीं पुढें आपल्या मराठी सत्तेच्या इतिहासाच्या अखेरीस जोडून दिला.