दुखतं का आणि किती होतात? टॅटूबद्दल थोडं बैजवार

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त माझं अडखळणं आणि मधे आलेला पावसाचा आवाज काढलाय.)

देवरूखहून बोलतोय. बाहेर पाऊस लागलाय, लाईट आत्ता तरी आहे, तेवढ्यात हा भाग उरकून घेऊ.

खरं सांगायचं तर आजचा भाग एकाच माणसासाठी आहे. माझा चुलत भाऊ. वय 17, बारावीला आहे, रोज पहाटे पळायला जातो, भरतीची तयारी चाललीय. मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, "दादा, टॅटू काढायचाय. दुखतं का? आणि किती होतात?"

मी त्याला लिहिलं, फोनवर बोलू. मग वाटलं, हे दोन प्रश्न सगळेच विचारतात. मीही विचारले होते. आणि टॅटूच्या बाबतीत हेच दोन सगळ्यात किरकोळ प्रश्न आहेत, हे मला उशिरा कळलं. दुखणं एका दुपारचं असतं, पैसे एकदाच जातात. पण त्यानंतरचे तीन आठवडे आणि त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं, त्याबद्दल कोणीच विचारत नाही.

आपल्या घरातूनच सुरुवात करू. माझ्या आजीच्या हातावर गोंदण आहे. कपाळावर एक ठिपका, उजव्या हातावर तुळशीवृंदावन आणि त्याखाली काहीतरी हिरवट-निळसर. लहानपणी मला ती नक्षीच वाटायची. कॉलेजात असताना एकदा नीट विचारलं, तेव्हा कळलं की ती अक्षरं आहेत. ते तिचं नाव आहे. आपण जे नाव ऐकत आलो ते नव्हे, माहेरचं. लग्नात तिचं नाव बदललं, रेशनकार्डावर, आधारवर सगळीकडे सासरचं नाव. माहेरचं नाव उरलंय ते फक्त हातावर. आणि तेही आता वाचता येत नाही, कारण सत्तर वर्षांत शाई पसरली.

हा झाला पहिला मुद्दा. बारीक, खेटून काढलेली अक्षरं आज कितीही सुबक दिसली तरी शाई त्वचेत हळूहळू पसरते. अक्षर छोटं असेल तर त्यातली पोकळी भरत जाते. म्हणून चांगला आर्टिस्ट सांगतो, अक्षर मोठं घ्या, मधे जागा सोडा. तो बिल वाढवायला म्हणत नाही.

आजीला विचारलं, कसं काढलं होतं? म्हणाली, जत्रेत गोंदणारीण बसायची. दिव्याची काजळी, त्यात पाल्याचा रस, आणि दोन-तीन सुया एकत्र बांधलेल्या. "आमाला कुनी इचारलं नाय रे. आयशीनं हात धरलान, नि बाईनं टोचलंन." वय नऊ. तेव्हा समजूत अशी, की मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं.

यात तंत्र म्हणून काही मागासलेलं नव्हतं बरं का. 1991 साली आल्प्सच्या बर्फात एक पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ओत्झी म्हणतात त्याला. त्याच्या अंगावर 61 खुणा आहेत, त्याही काजळीच्याच. आजची काळी शाई म्हणजेही मुख्यतः कार्बनच. बदललं ते टोचणारं यंत्र. एडिसनने कागदाला भोकं पाडून प्रती काढण्याच्या विजेच्या पेनचं पेटंट घेतलं होतं, 1876 साली. त्याच कल्पनेवरून सॅम्युअल ओ'रायली या माणसाने न्यूयॉर्कमध्ये 1891 साली टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. म्हणजे हे यंत्र मुळात कागदासाठी होतं.

आता त्वचेत काय होतं ते बघू. वरचा थर सतत झडत असतो, तिथे शाई ठेवली तर महिन्याभरात निघून जाईल. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरात जाते, साधारण एक ते दोन मिलिमीटर. कमी गेली तर टॅटू फिका पडतो, जास्त गेली तर रेघ फुटते, शाई आजूबाजूला धुरासारखी दिसते. आर्टिस्टचं सगळं कसब या एका मिलिमीटरात.

शाई आत गेली की शरीराला वाटतं काहीतरी घुसलं. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, येऊन शाईचे कण गिळतात. पण ते पचत नाहीत. मग ती पेशी तशीच बसून राहते, आणि मेली की तिच्यातून सुटलेली शाई दुसरी पेशी गिळते. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवलं. थोडक्यात, टॅटू म्हणजे कधीच न संपणारी सफाई. आपण त्याला चित्र म्हणतो, शरीराच्या हिशेबात ती जखमच असते.

आता तुझा पहिला प्रश्न. दुखतं का? हो, दुखतं. करवंदाच्या जाळीत हात घातल्यावर ओरखडे उठतात ना, त्याच ओरखड्यावरून परत परत काटा ओढला तर कसं होईल, तसं. पहिली दहा मिनिटं नको वाटतं, मग अंग सरावतं, आणि दोन तासांनंतर परत नको वाटतं. जागेवरही आहे. दंडाची किंवा हाताची बाहेरची बाजू त्यातल्या त्यात सोपी. बरगड्या, घोटा, मनगट, कोपराचा आतला खळगा, तिथे जास्त. जाताना पोटभर जेवून जायचं, पाणी प्यायचं, झोप नीट घ्यायची. आदल्या रात्री दारू नाही, त्याने रक्त जास्त येतं. मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, किंवा जखमेचा व्रण फुगून वर येण्याची सवय असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

दुसरा प्रश्न, किती होतात? माझ्या हातावर हत्ती आहे. उक्षीच्या कातळशिल्पातला, नुसत्या रेघांचा. तीन बाय चार इंच. पुण्यात इंचाला 500 रुपये धरून 6,000 झाले. मोठ्या शहरात नावाजलेला माणूस याच्या दुप्पटही घेतो. आणि जत्रेत बॅटरीवरचं मशीन घेऊन बसलेला शंभर-दोनशेत नाव काढून देतो. तिथे मात्र प्रश्न पैशांचा नाही. तीच सुई आधी कोणाच्या हातात गेली होती, हा आहे. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, हे सगळं रक्तातून जाणारं. म्हणून सुई आपल्यासमोर पाकीट फाडून काढली पाहिजे, हातमोजे नवे, आणि शाई छोट्या टोपणात आपल्यापुरती वेगळी घेतलेली. बाटलीत सुई बुडवताना दिसला तर सरळ उठून यायचं. लाजायचं नाही. शिवाय टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही लक्षात ठेव.

आता माझी फजिती. 2022 साल. शुक्रवारी टॅटू काढला आणि पुढच्या बुधवारी गणपती. आर्टिस्टने कागद दिला होता, सगळं लिहून. दिवसातून दोनदा बिनवासाच्या साबणाने हलक्या हाताने धुवायचं. टॉवेलने पुसायचं नाही, टिश्यूने टिपायचं. मलम अगदी पातळ. खपली काढायची नाही. ऊन नाही. नदी, विहीर, समुद्र, पोहणं काही नाही, निदान तीन आठवडे.

मी कागद वाचला आणि बॅगेत ठेवला. रात्रभर गाडीत घामाने शर्टाची बाही चिकटून बसलेली. घरी आल्यावर खाज सुटली, एक खपली नखाने काढली. काकू म्हणाली हळद-खोबरेल लाव, लावलं. हळद आपली गुणाची खरी, पण डब्यातली हळद आणि स्वयंपाकघरातलं तेल उघड्या जखमेवर लावणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. आणि दहाव्या दिवशी गौरी-गणपतीचं विसर्जन. पाट माझ्या डोक्यावर. सप्तलिंगीला पावसाळ्याचं गढूळ पाणी, कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. मला वाटलं, दहा दिवस झाले, बरं झालंय. वरून बरं दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी हात लाल, गरम, सुजलेला. हत्तीच्या सोंडेतून पू आणि अंगात ताप. डॉक्टरांनी हात बघितला आणि विचारलं, उघडी जखम घेऊन नदीत कशाला गेलास? मी म्हटलं, जखम नाही, टॅटू आहे. ते नुसते बघत राहिले. आठवडाभर गोळ्या. लाली पसरत चालली, पू झाला, ताप आला किंवा लाल रेघ वर सरकताना दिसली, तर घरगुती उपाय करायचे नाहीत, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मी तीन दिवस काढले, ती चूक.

बरं झाल्यावर सोंड अर्धी गायब होती. परत पुणे, टच-अपचे 1,000. डॉक्टर आणि औषधं धरून 900. म्हणजे 6,000चा हत्ती 7,900ला पडला, आणि अजूनही सोंड जरा जाडच आहे. यात आर्टिस्टची काही चूक नव्हती. त्याने त्याचं अर्धं काम नीट केलं होतं. उरलेलं अर्धं माझं होतं.

कोकणात राहणाऱ्यांनी म्हणून एवढं करा. जून ते सप्टेंबर टॅटू नको, घाम, ओल, पाणी टाळता येत नाही. गणपती, शिमगा, लग्नसराई यांच्या आधी महिनाभर नको. दिवाळीनंतरची थंडी उत्तम. मात्र संक्रांतीला मार्लेश्वरला जाऊन धबधब्याखाली उभं राहायचं असेल तर तो हिशेब आधी धरा.

आता शेवटचं, वय. चांगला स्टुडिओ 18 पूर्ण असल्याशिवाय काम घेत नाही, आधार कार्ड बघतो. पण बाळा, तुझा प्रश्न त्याहून मोठा आहे. तुला दंडावर राजमुद्रा हवीय. सैन्यभरतीत साधारण उमेदवाराला कायमचा टॅटू चालतो तो फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, आणि पंजाच्या मागच्या बाजूला. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत आहे. दंड त्यात बसत नाही. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांत तर हाताची आतली बाजू डावीच चालते, कारण सलाम उजव्या हाताने, आणि आकारही त्या भागाच्या पाव हिश्श्याहून कमी हवा. दोन वर्षं पहाटे उठून पळायचं आणि मेडिकलला शर्ट काढल्यावर बाहेर पडायचं. चित्र कितीही पवित्र असलं तरी तिथे फूटपट्टीच लागते. तू ज्या भरतीला जाणार तिच्या जाहिरातीतला मेडिकलचा परिच्छेद आधी वाच.

"नंतर लेझरने काढू" म्हणशील. लेझर शाईचे कण फोडतं, मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. एका बैठकीत होत नाही, सहा-आठ लागतात, मधे कित्येक आठवड्यांचं अंतर, प्रत्येक वेळी काही हजार. काढण्यापेक्षा घालवायला जास्त पैसे आणि जास्त दुखणं. काळी शाई जाते, हिरवी-पिवळी चिवट. डाग राहू शकतो.

आणि तू पाठवलेलं डिझाइन मी झूम करून बघितलं. मुद्रेखाली तुला "शिव" लिहून हवं होतं. तिथे "शवि" आहे. ही चूक माझ्या ओळखीची आहे, आमच्या कामात रोज दिसते. कॉम्प्युटरमध्ये "शि" साठवताना आधी श आणि मग वेलांटी असते. मराठी नीट न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती वेलांटी उचलून मागे नेली जात नाही, श आणि व यांच्या मधे राहते. जोडाक्षरंही अशीच पाय मोडून सुटी होतात. वेबसाइटवर असलं तर दोन मिनिटांत दुरुस्त करू. दंडावर? म्हणून स्टेन्सिल लावल्यावर, सुई लागायच्या आधी, मराठी चांगलं येणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यायचं.

माझं म्हणणं काढू नकोस असं नाही. माझ्या हातावर आहे, मला आवडतो, जाड सोंडेसकट. मी एवढंच म्हणतो, भरती होऊ दे. डिझाइन कपाटाच्या दारावर चिकटव आणि वर्षभर रोज बघ. वर्षाने पण तेवढंच हवंसं वाटलं, तर मी येतो बरोबर, पहिले 2,000 माझ्याकडून.

हे सगळं मी काल आजीला सांगितलं. तिने माझा हत्ती बघितला, हात फिरवला. मी विचारलं, तुला परत विचारलं असतं तर काढलं असतंस का? म्हणाली, तुळस काढली असती, नाव नसतं काढलं. का, ते तिने सांगितलं नाही, मीही खोदलं नाही.

चला, लाईट गेलीच. तुमच्या घरात कोणाच्या हातावर गोंदण असेल तर ते काय आहे, कुठे काढलं, आज विचारून घ्या. अक्षरं असतील तर लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.