तंतूची पकड

मुळशी तालुक्यांतील जुन्या घरांचे कूड ज्यांनीं पाहिले असतील, त्या श्रोत्यांना कारवीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. आठ वर्षांनीं एकदां फुलणाऱ्या ह्या झुडपाच्या काठ्या शेजारीं शेजारीं बांधावयाच्या आणि त्यांवर शेणमातीचा गिलावा चढवावयाचा, ही तेथील रीत. काठी वांकते पण सहसा मोडत नाहीं. माती दाब सोसते पण ताण सोसत नाहीं. दोघींचा संसार टिकतो तो कारवीच्या खडबडीत सालीमुळें. तिच्या जागीं कांचेच्या गुळगुळीत कांड्या बसविल्या, तर माती सुकतांच गिलाव्याचे पापुद्रे गळूं लागतील.

नेमकी हीच अडचण कार्बन-तंतूच्या बाबतींत उभी राहिली. १९६० च्या सुमारास जपानांत अकिओ शिंदो ह्यांनीं आणि मागोमाग इंग्लंडांतील फार्नबरो येथील संशोधकांनीं अॅक्रिलिक जातीच्या धाग्यापासून हा तंतु घडविला. धागा प्रथम हवेंत दोन-तीनशें अंशांवर ताणून भाजावयाचा, मग प्राणवायूचा स्पर्श होऊं न देतां हजार-दीड हजार अंशांपर्यंत तापवावयाचा, म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. जाडी अवघी सात सहस्रांश मिलिमीटर, परंतु दर चौरस मिलिमीटरास साडेतीनशें किलोंचा ताण तो सहन करतो. आणि वजन मात्र पोलादाच्या पावपटीहूनहि कमी.

तथापि सुटा तंतु म्हणजे केवळ रेशमाची लड. त्याचे थर राळेंत बसवावे तेव्हां कोठें पत्रा होतो. येथें घात असा कीं, तंतूच्या पृष्ठभागावर कार्बनचे अणु षट्कोनी जाळींत दाटीनें बसलेले. प्रत्येकाचे हात शेजाऱ्यांच्या हातांत गुंतलेले. राळेनें धरावें काय? प्रारंभींच्या पत्र्यांत तंतु अभंग राहून थरच एकमेकांवरून घसरत.

ह्यावरचा उपाय मोठा चतुर आहे. तंतूंची लड अमोनियम बायकार्बोनेटसारख्या क्षाराच्या द्रावणांतून सतत ओढीत नेतात आणि तिला विजेचा धन ध्रुव करितात. पृष्ठभागावर प्राणवायु उत्पन्न होतो. तो वरचा कच्चा थर खातो आणि जाळीच्या कडांवर स्वतः चिकटून राहतो. ह्या प्राणवायूलाच पुढें राळ धरते. कल्हईवाला नवसागर फिरवून भांड्यावरील प्राणवायूचा संयोग काढून टाकतो, येथें तो मुद्दाम जोडावयाचा. दोन्हीकडे हेतु मात्र पकडीचाच. नंतर लड धुवून, वाळवून तिला राळेची पातळ खळ देतात. वजनाच्या सुमारें शेंकडा एक, अधिक नाहीं. कोष्टी सुताला खळ देतो ती ज्या कारणासाठीं, त्याच कारणासाठीं हीहि. तंतु पिंजूं नयेत म्हणून.

प्रमाण चुकलें कीं सारें फसतें. प्रवाह फार झाला तर तंतूला खड्डे पडून तो दुबळा होतो. पकड वाजवीपेक्षां घट्ट झाली तरी नुकसानच! राळेंत पडलेली चीर तंतूपाशीं येऊन त्याच्या कडेकडेनें वळावी, तिचें बळ तेथें खर्ची पडावें, हें इष्ट. अति घट्ट पकडींत ती न वळतां तंतु तोडीत सरळ आरपार जाते आणि पत्रा कांचेसारखा फुटतो.

ही बारकाई केवळ प्रयोगशाळेची नव्हे. ४ जानेवारी २००१ रोजीं प्रथम उडालेल्या ‘तेजस’ विमानाचे पंख आणि शेपटीचें उभें पातें अशाच पत्र्याचें आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं नाशिकच्या कारखान्यांत बांधलेलें ‘तेजस’हि आकाशांत गेलें. वेगानें वळणाऱ्या वैमानिकाचा जीव त्या थरांच्या एकजुटीवर असतो. म्हणून पत्र्याची एक आंखूड, जाड पट्टी दोन आधारांवर ठेवून मध्यें दाबून पाहतात. किती दाबानें थर एकमेकांवरून घसरले, ह्यावरून पकडीचा अंदाज येतो.