हंगाम यंत्रासाठी थांबत नाही



आयटीआयच्या प्रशिक्षणार्थींसाठी देशभर कौशल दीक्षान्त समारंभ सुरू झाला तो १७ सप्टेंबर २०२२ रोजी, विश्वकर्मा जयंतीला. हाताने काम करणाऱ्यांना हा मान उशिरा मिळाला, पण तो मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. आज प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्या तुमच्यापैकी कुणी ट्रॅक्टर मेकॅनिक झालंय, कुणी कृषी यंत्रसामग्रीचं मेकॅनिक. सातारा-सांगलीच्या मातीत या कामाचा वारसा शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो आज तुमच्या हाती येतो आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे त्यांनी लोखंडी नांगर बनवले, पण अशा नांगराने जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. तिथे नांगर झाले, पुढे डिझेल इंजिनं झाली. आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरणारे एक विक्रेते होते भाऊराव पाटील. त्यांनीच १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. नांगर विकणारा माणूस शाळा काढतो, याचा मी लावलेला अर्थ असा: अवजार गावात गेलं आणि त्याचं ज्ञान गेलं नाही, तर शेतकरी एका परावलंबनातून सुटून दुसऱ्यात अडकतो.

आज नेमकं तेच घडण्याची भीती आहे. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ब्लोअर, ऊसतोडणी यंत्र, आता फवारणीचे ड्रोन. यंत्रं दारात आली. ऊसतोडणी यंत्राला तर शासनाने ४० टक्के, कमाल ३५ लाखांपर्यंत अनुदान देऊ केलं. पण यंत्र घेण्यासाठी कर्ज मिळतं, अनुदान मिळतं. ते सांभाळण्याचं शिक्षण मात्र कुणी दारात आणून देत नाही. ते काम तुमचं आहे.

शेतातल्या बिघाडाची किंमत गॅरेजच्या बिलात मावत नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागा डोळ्यांपुढे आणा. ऑक्टोबर छाटणी झालेली आहे, घड बाहेर पडताहेत आणि संध्याकाळी पाऊस झाला. डाऊनी रोग अडवायचा तर रात्रीतच ब्लोअर काढावा लागतो. त्याच वेळी पंपाचा डायफ्राम फाटला, तर वर्षाची कमाई एका रात्रीत धोक्यात येते. फडात तोडणी यंत्र बंद पडलं, की वाहतुकीचे ट्रॅक्टर ताटकळतात. कांड्या करून भरलेला ऊस तर अख्ख्या उसापेक्षा लवकर खराब होतो. त्याचं वजन घटतं, उतारा घटतो. म्हणून सांगतो, दुरुस्तीपेक्षा देखभाल मोठी. हंगामात बंद पडलेलं यंत्र चालू केलंत तर लोक तुमचं नाव घेतील. पण हंगामाआधी तपासून ते बंदच पडू दिलं नाहीत, तर तुम्ही अधिक मोलाचं काम केलेलं असेल, मग कुणी नाव घेवो न घेवो.

तुमचं काम आता पूर्वीसारखं सोपंही राहिलेलं नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले. अशा अनेक ट्रॅक्टरांत कॉमन रेल इंजिन आणि ईसीयू आले. आवाज ऐकून दोष ओळखणारा कान आजही हवाच, पण त्याच्या जोडीला स्कॅनर वाचता आला पाहिजे. या इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. कळकट कॅनमधून ओतलेल्या डिझेलमधली बारीक धूळ आणि पाणी जुन्या इंजिनाने कदाचित सोसलं असतं. इथे ते महागडे इंजेक्टर खातं. म्हणून फिल्टर बदलण्याआधी कॅन बघा, टाकी बघा. आणि एक गोष्ट जिवाची म्हणून सांगतो: दाबाखालच्या डिझेलची किंवा हायड्रॉलिकची गळती बोटाने कधीही चाचपू नका. दिसणारही नाही इतकी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. इंजिन चालू असताना लांबून पुठ्ठा धरा, डाग उमटेल. मग इंजिन बंद करा, दाब उतरू द्या, आणि त्यानंतरच पाना हातात घ्या.

साध्या गोष्टींना कमी लेखू नका. ब्लोअरचा नोझल झिजला तरी फवारा दिसतोच, म्हणून तो चालत राहतो. प्रत्येक नोझलखाली एक मिनिट मापाचं भांडं धरा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पाणी पडलं, तर तो बदला. नाहीतर एका वेलीवर औषध जास्त, दुसरीवर कमी. रोगही हटत नाही आणि निर्यातीच्या मालात औषधाचे उर्वरित अंश सापडण्याची भीती राहते.

आपल्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तेल-हळद चोळणाऱ्या घरात देखभाल ही नवी शिकवण नाही. तोच हात ग्रीसगनकडे वळवायचा आहे. अवरमीटर कसा वाचायचा, एअर क्लीनर कधी साफ करायचा, पुस्तिकेत दिलेल्या तासांना ऑइल का बदलायचं, हे शेतकऱ्याला उभ्या उभ्या शिकवा. ट्रॅक्टर चालवणाऱ्या ताईंनाही शिकवा. शिकवल्याने तुमचं गिऱ्हाईक तुटणार नाही. विश्वास वाढेल आणि अवघड काम तुमच्याकडेच येईल.

या विश्वासाला जपा. बदललेला जुना पार्ट शेतकऱ्याच्या हातात द्या. न बदललेल्या पार्टचे पैसे लावू नका. डुप्लिकेट माल असेल तर तसं तोंडावर सांगा. 'चालतंय तोवर चालू द्या' हे वाक्य शेतकरी म्हणेल. तुम्ही म्हणू नका. पीटीओ शाफ्टचं गार्ड काढून ठेवलेलं दिसलं, तर ते बसवल्याशिवाय ट्रॅक्टर हाती देऊ नका. धोतराचा सोगा, ओढणीचं टोक, शर्टाची बाही. त्या फिरत्या दांड्याला काहीही पुरतं.

पालकांनो, तुमच्या मुला-मुलींच्या हाताला आज काळं लागलेलं असेल. त्याचा अभिमान बाळगा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. ज्या गावात तुम्ही दुकान थाटाल किंवा नोकरीनिमित्त जाल, तिथल्या प्रत्येक यंत्राची एक वही सुरू करा: तारीख, अवरमीटरचा आकडा, काय तपासलं, काय बदललं. पुढच्या हंगामाआधी ती वही घेऊन शेतकऱ्याच्या दारात तुम्हीच जा. त्याने बोलावण्याची वाट पाहू नका. तुमच्या कामाला मी अंतःकरणपूर्वक शुभेच्छा देतो.