नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा दीड तास

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विद्यार्थी आणि वेळेचे नियोजन या विषयावर बोलायला सांगितले. मी काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत तीन पाळ्यांमध्ये उभं राहून आयुष्य काढलेला कामगार आहे. दहावी-बारावी बाहेरून दिली, आणि पुढे जे काही चार बुकं वाचली ती ड्युटी सांभाळून वाचली. ज्याचा दिवस भोंग्याच्या ताब्यात असतो त्याला वेळेची किंमत कळते, एवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

विषय फार मोठा आहे. म्हणून मी तो एकाच ठिकाणी आणतो. आज हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव या आपल्या पाचही तालुक्यांतल्या मुली नर्सिंगला जात आहेत. कोणी दोन वर्षांच्या ए.एन.एम.ला, कोणी तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला, कोणी चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला. आता मुलंही जायलेत. प्रवेश झाला की आपण पेढे वाटतो, पांढऱ्या गणवेशातला फोटो काढतो. आणि पहिल्या निकालात दोन विषय राहिले की घरात लगेच बोलणं सुरू होतं, "पोरीचं ध्यानच नाही अभ्यासात." बंधू-भगिनींनो, बहुतेक वेळा पोरीचं ध्यान असतं. तिच्याजवळ वेळ नसतो. तो वेळ कुठे जातो हे आपण कधी मोजलेलं नसतं.

तर आज आपण मोजू. भारतीय परिचर्या परिषदेने 2021 साली बी.एस्सी. नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम आणला. चार वर्षांची आठ सत्रे झाली. एका सत्रात वीस आठवडे आणि आठवड्याला 40 तास. सहा दिवस धरले तर रोज पावणेसात तास वर्गात, प्रयोगशाळेत आणि वॉर्डात गेले. परीक्षेला बसायचे तर प्रत्येक विषयात 80 टक्के हजेरी पाहिजे, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रत्यक्ष कामाची हजेरी 100 टक्के भरून द्यावी लागते. म्हणजे पाहुण्याच्या लग्नासाठी चार दिवस बुडवले तर ते चार दिवस पुन्हा भरावे लागतात. इंग्रजीचा पेपर सोडला तर पास व्हायला 50 टक्के मार्क लागतात, लेखीत वेगळे आणि प्रात्यक्षिकात वेगळे. बारावीसारखं 35 वर भागत नाही.

आता पुढचा हिशेब. खेड्यातून एस.टी.ने जाणारी असेल तर जाण्या-येण्यात, बसची वाट पाहण्यात दोन-अडीच तास. झोपेचे सात. झाले सोळा तास. उरलेल्या आठात आंघोळ, जेवण, कपडे, पाणी भरणं, भाकरी थापणं, भांडी, धाकट्या भावंडांचं पाहणं, आणि वरून कॉलेजच्या फायली लिहिणं. सोयाबीनच्या सुगीत आणि हळद शिजवायच्या दिवसांत तर घरातल्या प्रत्येक हाताला काम असतं. उन्हाळ्यात रात्रीची लाईट जाते ते वेगळंच. अशी पोरगी रात्री दहाला पुस्तक उघडते, पुस्तक इंग्रजीत, आणि तिसऱ्या ओळीवर डोळा लागतो. तिला आळशी कोण म्हणेल?

आपल्याकडे एक चांगली परंपरा आहे. बाबासाहेबांच्या जयंतीला वसतिगृहांत, विद्यापीठांत, गावोगावी सलग अठरा तास अभ्यास करून अभिवादन केलं जातं. मी त्याचा आदर करतो. पण लेकरांनो, एका दिवसाच्या अठरा तासांवर नर्सिंगचा कोर्स पार पडत नाही. त्याऐवजी रोज दीड तास धरा. आठवड्याचे सहा दिवस, सत्राचे वीस आठवडे, म्हणजे 120 दिवस. दीड तासाने 180 तास होतात. म्हणजे अठरा-अठरा तासांचे पूर्ण दहा दिवस! आणि ते न थकता, न जागता. माझं आजचं सगळं भाषण या दीड तासाबद्दल आहे. तो विद्यार्थिनीने कसा वापरायचा, आणि तो तिला कोणी मिळवून द्यायचा.

पहिले चाळीस मिनिटे आजच्या धड्याला. आज वर्गात जे शिकवलं ते आजच वाचायचं, उद्यावर टाकायचं नाही. गिरणीत रिंग फ्रेमवर धागा तुटला की तो तिथल्या तिथे सांधावा लागतो. नाही सांधला तर बॉबिन अर्धीच राहते आणि कापूस वाया जातो. शरीररचनेत आज हृदयाचे कप्पे समजले नाहीत तर पुढच्या आठवड्यात रक्ताभिसरण समजणार नाही, आणि पुढच्या वर्षी हृदयाचा रोगी समोर आला तरी समजणार नाही.

दुसरे अर्धा तास पुस्तक बंद करून. काल काय वाचलं, मागच्या आठवड्यात काय वाचलं, ते कोऱ्या कागदावर लिहून पाहायचं आणि मग पुस्तक उघडून चुका पाहायच्या. हे मी मनाचं सांगत नाही. 1885 साली हर्मान एबिंगहाऊस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त विसरणं पहिल्या काही तासांतच होतं, नंतर त्याचा वेग मंदावतो. म्हणून दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा आठवून पाहिलं की ते टिकतं. नुसतं पुन्हा-पुन्हा वाचत बसलं की आपल्याला येतं असं वाटतं, आणि पेपरात हात थांबतो.

शेवटची वीस मिनिटे हिशेबाला आणि शब्दांना. हिशेब म्हणजे औषधाचा. डॉक्टरांनी 250 मिलिग्रॅम लिहिलं. बाटलीवर लिहिलंय, 5 मिलिलिटरमध्ये 500 मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये किती ओढायचं? अडीच मिलिलिटर. 500 मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचं आहे आणि सेटमधून एका मिलिलिटरला 20 थेंब पडतात. मिनिटाला किती थेंब लावायचे? एकूण थेंब दहा हजार, मिनिटं 240, भागाकार केला तर साधारण 42. असे दोन हिशेब रोज केले तर वॉर्डात हात कापत नाही. आणि रोज पाच इंग्रजी शब्द. मराठी माध्यमातून आलेल्या लेकराची बुद्धी कमी नसते, त्याला शब्द अनोळखी असतात. दिवसाला पाच म्हटले तरी एका सत्रात सहाशे शब्द ओळखीचे होतात.

आता वॉर्ड. वॉर्डातल्या तासांना नुसती ड्युटी समजू नका, तो अर्धा अभ्यास आहे. ॲप्रनच्या खिशात एक लहान वही ठेवा. रोज एक रोगी, एक आजार, एक औषध. रोग्याचं नाव लिहायचं नाही, ते त्याचं खाजगी असतं. आजार काय, औषध कोणतं, कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, एवढं चार ओळींत लिहायचं. घरी येऊन त्याच आजाराचं पान वाचलं की ते डोक्यात बसतं, कारण आता त्या पानाला माणसाचा चेहरा असतो. येताना बसमध्ये तीच वही उघडायची. मोबाईलवरही शिकण्यासारखं पुष्कळ आहे, नाही म्हणत नाही. पण एक व्हिडिओ पाहायला म्हणून मोबाईल हातात घ्यावा तर तास कसा गेला ते कळत नाही. म्हणून दीड तासात मोबाईल दुसऱ्या खोलीत. आणि फायली, केस स्टडी, चार्ट हे रविवारी सकाळी. रोजच्या दीड तासात फाईल घुसू द्यायची नाही, नाहीतर ती सगळा वेळ खाते.

रात्रपाळीबद्दल मी अनुभवाने सांगतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने सकाळी पुस्तक धरू नये. डोळे उघडे असतात पण डोकं झोपलेलं असतं. आधी हलकं खाऊन सहा-सात तास झोप, खिडकीला जाड कापड लावून अंधार करून, आणि संध्याकाळी उठल्यावर दीड तास. पाळी बदलली की अभ्यासाची वेळही बदलायची, पण दीड तास तेवढाच ठेवायचा. पत्र्याच्या घरात मे महिन्यात दिवसा झोपणं काय असतं ते मला सांगायला नको. तिथे घरच्यांनी टीव्ही बंद ठेवावा, आल्या-गेल्याला ओसरीवरच बसवावं. ती लाडाची झोप नाही, ती ड्युटीचा भाग आहे.

इथे मी घराकडे वळतो, कारण खरी गोष्ट इथे आहे. बाबासाहेब शिकले ते आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण परळच्या चाळीत एकच खोली होती, तिच्यातच संसार, तिच्यातच स्वयंपाक. त्या गर्दीत अभ्यास कसा झाला? सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपायला लावत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, आणि दोन वाजता त्याला उठवून मग स्वतः झोपत. दिव्याच्या उजेडात पोराचा अभ्यास पहाटेपर्यंत चाले. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या यशात बापाच्या जागरणाचा वाटा आहे. जागा नव्हती, पैसा नव्हता, तरी बापाने मुलाला वेळ काढून दिला. आपल्या घरात टीव्ही आहे, कूलर आहे, दोन खोल्या आहेत. मग आपल्या पोरीला दीड तास का मिळू नये?

माझी बापांना आणि भावांना विनंती आहे. पोरगी कॉलेजहून आली की तिच्या हातात झाडू जातो आणि पोरगा आला की चहाचा कप, हे बंद झालं पाहिजे. पाणी भावाने भरावं. भांडी वाटून घ्यावीत. आईवरच सगळा भार टाकून पोरीला मोकळं करणं हाही न्याय नव्हे, पुरुषांनी हात लावला पाहिजे.

दुसरं काम कागदांचं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, यांच्यासाठी पोरगी तहसीलला चकरा मारते आणि तिची हजेरी बुडते. तो घोर बापाने, काकाने घ्यावा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना 2016-17 पासून आहे. त्यांच्या अटी आणि तारखा वेळेवर पाहून अर्ज भरला तर पोरीला कॉलेजजवळ खोली घेऊन राहता येईल, आणि एस.टी.तले दोन-अडीच तास वाचतील. शिष्यवृत्तीचा पैसा असा वेळही विकत घेऊन देतो, हे लक्षात ठेवा.

तिसरा वाटा वस्तीचा. या विहाराचा हॉल पहाटे चार ते सात रिकामाच असतो. तिथे चार टेबलं, दोन ट्यूबलाईट आणि लाईट गेली तर चालणारा एक दिवा ठेवला तर अभ्यासिका तयार होते. मुलींना पहाटे सोबत म्हणून दोन आयांनी आळीपाळीने बसावं. वस्तीतल्या ज्या बहिणी आज सिस्टर म्हणून नोकरी करतात त्यांनी महिन्यातून एका रविवारी तास-दोन तास या लेकरांना द्यावेत. वरचा वर्ग पास झालेल्यांनी पुस्तकं रद्दीला न देता इथे आणून ठेवावीत. आणि आणखी एक बोलतो, राग मानू नका. जयंतीच्या, लग्नसराईच्या दिवसांत दारासमोर रात्री उशिरापर्यंत डी.जे. वाजतो, आणि आत एखादं लेकरू कानात बोळे घालून परीक्षेचा अभ्यास करतं. ज्यांच्या नावाने आपण वाजवतो ते आयुष्यभर पुस्तकात बसलेले होते. आवाज दहाला बंद करणं हेही अभिवादनच आहे.

एवढा आग्रह मी का धरतो? कारण नर्सिंगमध्ये कच्चा राहिलेला अभ्यास मार्कलिस्टमध्ये राहत नाही, तो रोग्याच्या शिरेत जातो. इतर कोर्सला पाठांतर विसरलं तर मार्क जातात. इथे एक शून्य चुकलं तर औषध दहापट होतं. उद्या त्या खाटेवर आपलीच म्हातारी माय असेल. हिंगोलीत 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. दवाखाना वाढला की त्याला शिकलेल्या हातांची गरज वाढते. ते हात आपल्या जिल्ह्यातले का असू नयेत?

1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले घरात बसल्या नाहीत. डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात त्या स्वतः रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या आजारी लेकराला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं, आणि त्याच साथीत 10 मार्च 1897 रोजी त्यांचं निधन झालं. आपल्या पोरी जो पांढरा गणवेश घालतात त्याच्यामागे एवढं मोठं काम उभं आहे.

म्हणून आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एक करावं. आपल्या किंवा शेजारच्या घरात नर्सिंगची विद्यार्थिनी असेल तर तिची ड्युटीची वेळ विचारून भिंतीवर लिहून ठेवा, आणि त्याच्या शेजारी तिचा दीड तास लिहा. त्या दीड तासात तिला कोणी हाक मारायची नाही. पाहुणे आले तरी नाही, भाकरी करपली तरी नाही. एवढं वीस आठवडे करून पाहा आणि मग तिचा निकाल पाहा.