चूकभूल द्यावी घ्यावी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलत असतात. माझे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढे जे काही शिकलो ते चिकलठाणा आणि वाळूज येथील कारखान्यांच्या फाटकांबाहेर, हँडबिले वाचून आणि ती लिहून. तेव्हा माझा विषयही फाटकाबाहेरचाच आहे. कारखाना सुटलेला कामगार, घरी पापड-मसाले करणारी त्याची बायको, पैठणचा विणकर, यांनी अलीकडे इंटरनेटवर आपापली दुकाने मांडली आहेत. भाडे नाही, पागडी नाही, आणि गिऱ्हाईक नागपूरचे काय, न्यू जर्सीचेही मिळते. या दुकानांवर ‘डिस्क्लेमर’ नावाची एक पाटी असावी लागते. ती का असावी, आणि कशी असावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

शब्द परका असला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. मासिकाच्या पहिल्या पानावर ‘लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ हे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. वाहनतळावर ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी असतेच. पण या सर्वांहून जुनी आणि मला सर्वांत आवडणारी पाटी म्हणजे वाण्याच्या बिलाखालची पाच अक्षरे : चू. भू. द्या. घ्या. आता अक्षरे चारच आहेत असे कोणी म्हणेल. तर तेवढी चूकभूल द्यावी घ्यावी! त्यात ‘द्यावी’ही आहे आणि ‘घ्यावी’ही आहे, हे ध्यानात ठेवा. हिशेब माझ्याकडून चुकला तर मी भरून देईन, तुमच्याकडून चुकला तर तुम्ही द्या. त्याच बिलावर पुढे कोणीतरी रबरी शिक्का मारला, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. हा शिक्का फक्त एका बाजूने बोलतो. माझे आजचे सारे म्हणणे या दोन पाट्यांमधल्या फरकाविषयी आहे.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. पैठणी हातमागावर विणली जाते. नक्षी भरगच्च असेल तर एका साडीला कित्येक महिने लागतात. हाताचे काम म्हटले की दोन मोर अगदी एकसारखे उतरत नाहीत. साडी उलटी करून पाहिली तर खऱ्या पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते; यंत्रमागाच्या नकलेत मागे कापलेले धागे लोंबतात. हे सारे दुकानात बसून गिऱ्हाइकाला बोटाने दाखविता येते. फोनच्या पडद्यावर काय दाखविणार? तेथे अंजिरी रंग एका फोनवर जांभळा दिसतो, दुसऱ्यावर लाल. साडी घरी पोचते, बाई म्हणतात, मी मागवलेला रंग हा नव्हे, आणि या मोराची मान त्या मोराहून बारीक आहे. बाईंचेही काही खोटे नाही. पण ती एक साडी परत आली, की विणकराच्या घरातली महिन्यांची मजुरी परत आली. मोठ्या कंपनीच्या दृष्टीने परत आलेला माल हा हिशेबातला एक रकाना असतो. या घरात तो चुलीचा प्रश्न असतो.

माझ्या ओळखीचा एक कामगार कारखाना बंद पडल्यावर हिमरू शाली आणि साड्या इंटरनेटवर विकू लागला. त्याने आपल्या संकेतस्थळावरची पाटी मला मोठ्या अभिमानाने दाखविली. इंग्रजीत तीन पाने! कुठल्याशा अमेरिकन दुकानावरून जशीच्या तशी उतरवलेली. वाद झाल्यास निवाडा डेलावेअर राज्याच्या न्यायालयात होईल, असे तीत लिहिले होते. शालीचा रंग कसा दिसेल, ती कशी धुवावी, किती दिवसांत पोचेल, यांविषयी मात्र अवाक्षर नव्हते.

अशा पाटीने त्याचे रक्षण होत नाही, हे कायदा स्पष्ट सांगतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगापुढे तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही. म्हणजे नागपूरच्या बाईंनी नागपुरात अर्ज दिला की पैठणच्या माणसाला नागपूरची नोटीस येणार. डेलावेअर कागदावरच राहील. सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. रबरी शिक्क्याची गोष्ट तेथेच संपली.

मग पाटी हवी कशाला, असे तुम्ही विचाराल. याचे उत्तर मी कामगार चळवळीतून देतो. १९४६ साली औद्योगिक रोजगार स्थायी आदेशांचा कायदा झाला. कामाच्या अटी मालकाने लेखी कराव्यात, त्या मंजूर करून घ्याव्यात, आणि बहुसंख्य कामगार ज्या फाटकाने आत येतात त्याच्याजवळ, इंग्रजीत आणि त्या कामगारांना समजणाऱ्या भाषेत, फलकावर लावाव्यात, असे त्यात होते. हा विषय आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत गेला आहे. तो फलक लागण्यापूर्वी रजा म्हणजे साहेबाची लहर होती. लेखी अटीने मालकाचा अधिकारही ठरला आणि कामगाराचाही. भांडण कशावरून आहे हे तरी दोघांना कळू लागले. पण लेखी आहे म्हणून अट न्याय्य ठरत नाही, हेही आम्ही पाहिले. १९८६ साली ब्रोजो नाथ गांगुली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांच्या नोटिशीवर कायम नोकराला कारण न देता काढून टाकण्याची अट रद्द केली. दुबळ्याला सही करण्यावाचून गत्यंतर नसते, तेव्हा त्याच्या सहीने अन्यायाला न्याय म्हणता येत नाही, असा त्याचा आशय.

लहान दुकानदाराने आपली पाटी या दोन्ही धड्यांवरून लिहावी. २०२० चे ई-व्यापाराचे नियम नियमितपणे धंदा करणाऱ्या लहानालाही लागू आहेत; चुलीवर केलेले पापड विकले म्हणून सूट नाही. नाव, पत्ता, संपर्क, तक्रार कोणाकडे करावी, माल परत घेण्याच्या आणि पैसे परत देण्याच्या अटी, हे सांगणे त्यांनी बंधनकारक केले आहे. वर आपल्या मालाचा जो खरा स्वभाव आहे तो सांगावा. मसाल्यात शेंगदाणा असेल तर ठळक लिहावे. त्याने एखाद्याचा जीव जाऊ शकतो. प्रॉव्हिडंट फंडाची माहिती देणाऱ्या निवृत्त कारकुनाने लिहावे, की ही सर्वसाधारण माहिती आहे, तुमच्या प्रकरणात सल्ला घ्या. साडीवाल्याने काय लिहावे? मी त्या मित्राला लिहून दिलेला मसुदा असा :

‘ही साडी हातमागावर विणलेली आहे. नक्षीत लहानसा फरक दिसेल. तो हाताचा आहे, दोष नव्हे. पडद्यावर रंग वेगळा दिसू शकतो; मागणीपूर्वी कळविल्यास दिवसाच्या उजेडातले छायाचित्र पाठवू. साडी फाटकी, डागाळलेली किंवा सांगितल्याहून वेगळी निघाली तर पोचल्यापासून दहा दिवसांत कळवा. साडी परत घेऊ, पैसे परत करू.’

शेवटची दोन वाक्ये त्याला जड गेली. ती काढून टाकू का, असे त्याने दोनदा विचारले. ती काढली तर वरच्या ओळींवर कोण विश्वास ठेवील?

आणि पाटीने खोट्याचे खरे होत नाही. यंत्रमागाच्या साडीवर वर मोठ्याने ‘अस्सल हातमाग’ लिहून खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘हातमागासारखी’ असे लिहिणारे आहेत. मधुमेह बरा करणारे चूर्ण विकून तळाशी ‘हा वैद्यकीय सल्ला नाही’ म्हणणारेही आहेत. त्यांच्यासाठी १९५४ पासूनच जादूटोण्याच्या औषधी जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की डिस्क्लेमरने मूळ दाव्याला छेद देता कामा नये, महत्त्वाची माहिती लपविता कामा नये, आणि तो दाव्याच्याच भाषेत व त्याच टाइपात असावा. मराठीत साडीची स्तुती आणि इंग्रजीत जबाबदारीचा नकार, हे चालणार नाही. भाषेचा हा आग्रह आम्ही फाटकावरच्या फलकासाठी धरला होता. तो आता गिऱ्हाइकाच्या बाजूनेही आला, याचे मला समाधान आहे.

वकिलाची फी कोठून आणायची, हा प्रश्न सभेनंतर मला विचारला जाईल, म्हणून आताच सांगतो. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना मोफत विधिसेवेचा हक्क दिला आहे, आणि त्या सेवेत कायदेविषयक सल्लाही येतो. जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय आहे. तेथे जाताना मसुदा मराठीत लिहून न्यावा, म्हणजे वकीलसाहेबांनाही तो मराठीतच दुरुस्त करावा लागेल.