निरोपाला मालक कशाला?
(अजिंठा इथं केलेलं भाषण)


इथून जवळच वाघूरच्या काठावरच्या लेण्यांत ब्राह्मी अक्षरं आहेत. ती लिपी कुणाच्या बापाची नव्हती. आज तुमच्याकडं टेलिग्राम, माझ्याकडं व्हॉट्सॲप, अन् निरोप कुंपण ओलांडत नाही. का? जीमेलवरून याहूला पत्र जातंच की! म्हणजे अडलंय ते तंत्रापायी नाही, धंद्यापायी.

१९९९ ला जॅबर आलं, त्याचंच पुढं एक्सएमपीपी झालं. कुणीही सर्व्हर उभारावा, कुणाशीही बोलावं. गूगलनं २००६ मध्ये आपलं टॉक त्याला जोडलं आणि २०१३ मध्ये हँगआउट्स काढून पाठ फिरवली. फेसबुकनं २०१० ला दार उघडलं, २०१५ ला लावलं. व्हॉट्सॲप तर याच तंत्रावर वाढलं. सगळ्यांच्या विहिरीवर पाणी प्यायले आणि रहाट वाड्यात नेला!

युरोपनं २०२२ मध्ये कायदा केला. मार्च २०२४ पासून, दुसऱ्या सेवेनं मागितलं तर व्हॉट्सॲपला तिथं दार उघडावंच लागतं. मर्जीनं नव्हे, कायद्यानं. आपल्याकडं तसा कायदा नाही.

मोर्चाच्या आदल्या रात्री आपला नंबर बंद पडला, तर पोरं गोळा कशी करणार? कायदा मागूच. पण आज रात्री बसून सगळ्यांचे नंबर वहीत उतरवा.