‘औषधा’च्या डब्यावरचा त्रिकोण



२०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपण कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. पण डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवाही विषच. बोरी अरबच्या किती घरांत हे ठाऊक आहे?

विज्ञानाच्या तासाला यावरच दोन मिनिटांची फिल्म करा. मोबाईल पुरेसा आहे. मेसेज फॉरवर्ड करायला अंगठा पुरतो. फिल्म करायला लेबल वाचावं लागतं, सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारावं लागतं, विष कातडीतून शरीरात कसं जातं ते समजून घ्यावं लागतं.

खरं कीटकनाशक हाताळू नका. नव्या स्प्रे बाटलीत रंगीत पाणी भरा, पंख्याकडे तोंड करून फवारा आणि पांढऱ्या सदऱ्यावरचे डाग मोजा. मग पाठ करून फवारा, पुन्हा मोजा. वाऱ्याची दिशा का पाहायची, ते कॅमेऱ्यात दिसेल.

मराठीत करा, उर्दूतही करा. मुलींनीही कॅमेरा धरावा. पहिल्यांदा फवारणीला जाणाऱ्या मजुराला दाखवा. त्याला कळली नाही, तर पुन्हा करा.